रोहा ते माणगाव, किनाऱ्याने

रोहा आणि माणगाव ही एकाच मार्गावरची स्टेशनं, गाडीने तासाभराच्या आतली. पाठीवर सॅक टाकून मी हाच टप्पा तीन दिवसांत किनाऱ्याने केला. स्वित्झर्लंडमध्ये आगगाडी, बस आणि बोटीची वेळापत्रकं एकमेकांत गुंफलेली असतात. इथे ती गुंफण आपण करायची, आणि तिचं पहिलं टोक समुद्राच्या हाती.

वाटेतल्या हरिहरेश्वरची प्रदक्षिणा कड्यांमधल्या पायऱ्या उतरून समुद्रालगतच्या खडकांवरून जाते. ती वाट ओहोटीलाच मोकळी. म्हणून आधी कॅलेंडर पाहिलं. भरतीचा किनाऱ्यावरचा हिशेब असा: शुद्ध असो वा वद्य, तिथीची पाऊणपट करायची. पंचमीला पाचाची पाऊणपट पावणेचार. भरती साधारण पावणेचारला, ओहोटी तिच्या सहा तास आधी, म्हणजे सकाळी दहाच्या सुमारास. पुढच्या तिथीला हीच वेळ पाऊण तासाने पुढे.

दहा हा आकडा हाती आला आणि बेत मागे मागे उलगडत गेला. दहाला खडकांवर, तर आदली रात्र हरिहरेश्वरला. त्यासाठी दुपारीच राजपुरीची खाडी ओलांडायला हवी. म्हणजे त्याआधीचा मुक्काम मुरूडला, आणि पहिल्या दिवशी रोह्याहून मुरूडची एसटी.

एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत मी दोनच प्रश्न विचारतो: शेवटची गाडी कितीला, आणि वस्तीची गाडी कुठे असते? वस्तीची गाडी रात्री गावातच मुक्कामाला असते, पहाटे तिथूनच सुटते. तिची वाट पाहावी लागत नाही.

मुरूडहून मिनीडोरने आगरदांडा. जंगलजेटीची, म्हणजे वाहनं नेणाऱ्या होडीची, लोखंडी फळी धक्क्याला टेकली, दुचाक्या चढल्या, मागोमाग टेम्पो, कडेकडेने आम्ही पायी माणसं. रस्त्याने खाडीला केवढा तरी वळसा पडतो. पाण्यावरून दिघी समोरच दिसते. उतरल्यावर हरिहरेश्वरकडे जायला श्रीवर्धनची गाडी कुठे लागते, हे सहप्रवाशांना होडीतच विचारून घेतलं होतं.

पंचमीला सकाळी दहाला पायऱ्या उतरलो. लाटांनी जाळीसारखे कोरलेले खडक ओलेच होते, पण वाट उघडी होती. सावकाश फिरलो. खडकांतल्या एका खळग्यात पाणी परत शिरताना दिसलं, तसा वर आलो. म्हसळ्यावरून माणगावला जाणाऱ्या एसटीत बसलो आणि मग कुठे परतीच्या रेल्वेची वेळ पाहिली.