सोयीचे बहिरेपण

“आजोबांना ऐकू येत नाही हे साफ खोटे, त्यांना हवे तेवढे बरोबर ऐकू येते,” हे वाक्य मी इतक्या घरांतून, सुनांच्या, लेकांच्या आणि नातवंडांच्याही तोंडून ऐकले आहे की, ते आता सरकारी ठरावासारखे सर्वसंमत झाले असावे. पुरावाही हजर असतो: स्वयंपाकघरातून मारलेल्या हाकेला तीनदा “काय?” म्हणणारा हा गृहस्थ, शेजारी बसून कोणी त्याच्या पेन्शनविषयी हळूच बोलले की तत्काळ मान वळवितो. फैसला होतो, आरोपीची कैफियत मात्र कोणी घेत नाही.

ती अशी आहे. ध्वनीने कानाचा पडदा कंप पावतो आणि हातोडी, ऐरण व रिकीब ही तीन हाडे तो कंप अंतर्कर्णातील शंखाकृती नलिकेच्या द्रवात पोचवितात, एवढे शाळेत सर्वांनीच पाठ केलेले असते. शाळेत क्वचितच सांगितले जाते ते हे की, सुमारे अडीच वेढ्यांच्या त्या नलिकेत प्रत्येक स्वराची जागा मुक्रर आहे: उंच, तार स्वर दाराशी आणि खर्ज अगदी आतल्या टोकाला. ही माझ्या पदरची कल्पना नव्हे. नलिकेतील पटलावरून लहर कशी धावते हे जॉर्ज फोन बेकेशी यांनी मृतांच्या कानांत प्रत्यक्ष पाहिले आणि या संशोधनाबद्दल त्यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. वार्धक्यात प्रथम झिजतात त्या दाराजवळच्या केसपेशी, म्हणजे ही लहर टिपणाऱ्या पेशी, आणि मनुष्याच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत.

आता भाषेचा हिशेब पाहा. ‘आ’, ‘ओ’ या स्वरांचे बळ खालच्या कंपनसंख्येत असते. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ यांची ओळख पटते ती बहुतांशी सेकंदाला दोन हजार कंपनांच्या वर. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. नळ वाहत असताना, पाठमोऱ्या सूनबाईंच्या बारीक आवाजातील ‘काठी’, ‘पाठी’ आणि ‘साठी’ ही त्याच्या लेखी एकच गोष्ट. पेन्शनची गोष्ट निराळी: खोली शांत, बोलणारा समोर, आवाज जाड आणि विषय तोंडपाठ, गळालेली व्यंजने मेंदू स्वतःच भरून काढतो. साठीला बुद्धी नाठी होते असे आपण खुशाल म्हणतो; वस्तुतः पळालेला असतो तो ‘साठी’तला ‘स’.

दुसरा आरोप याहून अन्यायाचा. “हळू बोलले तर ऐकू येत नाही आणि मोठ्याने बोलले तर ‘ओरडता कशाला?’ म्हणतात!” होय, म्हणतात, आणि खरेच सांगतात. केसपेशी गेल्या की ऐकू येण्याची किमान पायरी वर सरकते, परंतु असह्य वाटण्याची कमाल पायरी बहुधा जागीच राहते. मधली जागा तेवढी आकसते. शिवाय ओरडल्याने फुगतात ते स्वर. हरवलेली व्यंजने तशीच हरवलेली राहतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२० च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या जोखमींत श्रवणदोष गणला आहे, हे तरी आरोपकर्त्यांनी ध्यानात घ्यावे.

उरलेल्या समजुतींना एकेक ओळ पुरे. कानातला मळ ही घाण नव्हे. ते त्वचेचे संरक्षण आहे, आणि कानकोरण्याने तो पडद्याकडेच लोटला जातो. कोमट तेलाने केसपेशी उगवत नाहीत. पडद्याला छिद्र असल्यास मात्र तेलाने अपाय होतो. श्रवणयंत्राने कान आळशी होत नाही. मेंदूला त्याची सवय होण्यास आठवडे लागतात, म्हणून ते पहिल्याच दिवशी कपाटात ठेवू नये. जन्मतः बहिरे मूल मुके नसते. त्याचा कंठ सहसा शाबूत असतो.

तेव्हा घरातल्या घरात निवाडा करण्यापूर्वी आजोबांची श्रवणचाचणी करून घ्यावी. आलेखाची रेघ उजवीकडे उतरत गेलेली दिसली, तर आरोप बिनशर्त मागे घ्यावा. आणि तो मागे घेताना नळ बंद करून, समोर बसून, सावकाश बोलावे. ओरडू नये.