शरीराची चित्रे आणि चित्रकाराची मजुरी

ग्रंथ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लेखक उभा राहतो. फार तर प्रकाशक आठवतो. परंतु काही ग्रंथ असे असतात की, त्यांतली चित्रे काढून घेतली तर वाचणाऱ्याच्या हाती नुसती नावांची यादी उरावी. वैद्यकाचे विद्यार्थी वापरतात ते शरीररचनेचे ग्रंथ या जातीचे होत. ही चित्रे काढणारा माणूस कोण, त्याचे काम कसे चालते आणि त्या कामाचे त्याला काय मिळते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. आम्ही डॉक्टर नाही आणि चित्रकारही नाही. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण कामगार संघटनेच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा या विषयाकडे आम्ही पाहणार ते काम आणि मोबदला या बाजूने, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

पहिला प्रश्न असा की, कॅमेरा असताना चित्रकार हवाच कशाला? याचे उत्तर कोणताही फिटर देईल. यंत्राचा भाग तयार करायचा तर कारखान्यात त्याच्या हाती फोटो देत नाहीत, ड्रॉइंग देतात. फोटोत तेलाचा डाग आणि बोल्टाचे आटे सारख्याच ठळकपणे उमटतात. ड्रॉइंगमध्ये जे कळायला हवे तेवढेच असते, आणि आतला भाग दाखवायचा असेल तर मधोमध छेद घेऊन दाखवता येतो. शरीराचेही तसेच आहे. उघडलेल्या शवात रक्त, चरबी आणि पातळ पडदे यांची अशी सरमिसळ असते की, रक्तवाहिनी कोणती आणि मज्जातंतू कोणता, हे नवशिक्याला उमगत नाही. चित्रकार ते आधी स्वतः समजून घेतो, नको ते वगळतो, आणि एका शरीरावरून शेकडो शरीरांना लागू पडेल असे चित्र सिद्ध करतो. या कामात हाताइतकीच बुद्धी राबते.

या धंद्यातले एक ठळक उदाहरण आपल्या मुलखाशी जोडलेले आहे, म्हणून तेच विस्ताराने सांगतो. ‘ग्रेज ॲनाटमी’ हे नाव डॉक्टरांच्या घरातल्या मुलांनाही ठाऊक असते. 1858 साली लंडनला निघालेल्या या ग्रंथाची 42 वी आवृत्ती 2020 साली बाहेर पडली. लेखक हेन्री ग्रे हा सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमधला शल्यवैद्य. पहिल्या आवृत्तीतली 363 चित्रे मात्र काढली हेन्री व्हॅन्डाइक कार्टर याने. कार्टर 1831 साली हल या गावी जन्मला. बाप चित्रकार, मुलगा वैद्यक शिकलेला. दोन्ही विद्या एका हातात आल्या. 1855 च्या अखेरीस ग्रेने ग्रंथाची कल्पना त्याच्यापुढे मांडली, तेव्हा कार्टर 24 वर्षांचा होता.

पुढची दीड-दोन वर्षे दोघांनी मिळून शवविच्छेदन केले. शव टिकवण्यासाठी फॉर्मॅलिन तेव्हा वापरात आले नव्हते. काम मुख्यतः थंडीच्या दिवसांत आणि घाईने उरकावे लागे. आणि ही शवे कोणाची? 1832 च्या कायद्याप्रमाणे इंग्लंडातल्या वर्कहाउसांत (गरीबगृहांत) आणि इस्पितळांत मेलेल्या, ज्यांना न्यायला कोणी आले नाही अशा गरिबांची. ज्यांना जिवंतपणी डॉक्टर मिळण्याची मारामार, त्यांच्याच देहांवर पुढच्या डॉक्टरांचे शिक्षण झाले. त्यांची नावे कोणत्याच ग्रंथात नाहीत.

चित्र कागदावर काढून भागत नसे. ते बॉक्सवुड या कठीण लाकडाच्या ठशावर उतरवायचे. मग कोरणारे कारागीर रेषा तेवढ्या उंच ठेवून बाकीचे लाकूड काढून टाकीत. असा ठसा अक्षरांच्या खिळ्यांबरोबर एकाच पानावर छापता येई. मजकूर एकीकडे आणि चित्र भलतीकडे, असा प्रकार होत नसे. परंतु ठशावर सगळे उलटे असावे लागते. डावा हात उजवीकडे, आणि अक्षरे आरशात दिसतात तशी.

कार्टरच्या चित्रांची खरी करामत वेगळीच आहे. त्यापूर्वीच्या पुस्तकांत बहुधा अवयवांवर बारीक आकडे घातलेले असत आणि त्यांची फोड खाली यादीत दिलेली असे. विद्यार्थ्याची नजर सारखी वरखाली धावे. कार्टरच्या चित्रांत नाव थेट अवयवावरच आले. स्नायू जिकडे वळतो तिकडे त्याचे नाव वळते. रक्तवाहिनीचे नाव तिच्या कडेने चालते. नकाशात नदीच्या अंगाने नदीचे नाव लिहितात, तसेच हे. परीक्षेच्या आदल्या रात्री दिव्याखाली बसलेल्या मुलाचे श्रम यामुळे किती वाचले असतील! हा विजय लहानसा खरा, पण मोठे ग्रंथ अशाच विजयांवर टिकतात.

आता मोबदल्याचे पाहू. ग्रेला दर हजार प्रतींमागे 150 पौंड ठरले. कार्टरला एकूण 150 पौंड, तेही एकदाच. पुढे किती आवृत्त्या निघाल्या याच्याशी त्याचा संबंध उरला नाही. कामगारांच्या भाषेत सांगायचे तर एकाला नफ्यात वाटा मिळाला आणि दुसऱ्याला उक्ती मजुरी. नावाचीही तीच गत. शीर्षकपानाचे प्रूफ आजही उपलब्ध आहे. त्यात ग्रेने कार्टरच्या नावाखालची प्राध्यापकाची पदवी खोडून नाव लहान अक्षरांत घ्यायला सांगितले आहे. कार्टर तेव्हा मुंबईत होता. भांडायला जागेवर नव्हता. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, छापील पानावर चित्रे कार्टरची आणि विच्छेदन दोघांचे, असे स्पष्ट नमूद आहे. ग्रे कष्टाळू व विद्वान होता. 1861 साली अवघ्या 34 व्या वर्षी तो देवीच्या रोगाने गेला. दोष एका माणसाचा मानून चालणार नाही. लिहिणारा तो कर्ता आणि काढणारा तो मदतनीस, ही वहिवाटच त्याच्या मुळाशी आहे.

कार्टर 1858 साली मुंबईस आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागला. पुढे 1863 पासून काही वर्षे तो साताऱ्यास सिव्हिल सर्जन होता. अनवाणी शेतात राबणाऱ्यांच्या पायाला सूज येऊन गाठी फुटतात, त्या ‘मदुरा पाय’ नावाच्या रोगाच्या मुळाशी बुरशी असते, हे त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आणि चित्रे काढून मांडले. या रोगाचा एक प्रकार जिवाणूंमुळे होतो, हे नंतर कळले. 1877 साली दुष्काळाने मुंबईत लोटलेल्या माणसांत ताप पसरला, तेव्हा त्यांच्या रक्तातले नागमोडी जंतूही त्याने दाखवले. लंडनला चित्र काढताना जी नजर तयार झाली, ती इथल्या गरिबांच्या कामी आली. 1897 साली तो इंग्लंडात वारला.

पुढच्या पिढीत या धंद्याला स्वतःचे घर मिळाले. लाइपझिगचा मॅक्स ब्रोडेल 1894 साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात आला. समजल्याशिवाय रेघ ओढायची नाही, हा त्याचा दंडक. मूत्रपिंडात रक्तवाहिन्या कुठे सर्वांत विरळ असतात, हे त्याने स्वतः शोधून शल्यवैद्यांना दाखवले. ती जागा आजही ‘ब्रोडेलची रेषा’ म्हणून ओळखली जाते. चित्रकाराचे नाव पुस्तकाच्या पानावर यायला मारामार, आणि याचे नाव प्रत्यक्ष शरीरावर कोरले गेले! 1911 साली त्याच्या हाताखाली वैद्यकीय चित्रकलेचे स्वतंत्र खाते सुरू झाले, आणि 1945 साली अमेरिकेतल्या या चित्रकारांनी आपली संस्था स्थापन केली. एकेकटा कारागीर कितीही कुशल असला तरी दर आणि नाव ठरवताना तो दुबळा पडतो, हे त्यांनाही उमगले असले पाहिजे.

आज संगणकाच्या पडद्यावर चित्रे होतात, पण प्रश्न तेच आहेत. आमच्या मते मागण्या तीन: चित्रावर चित्रकाराचे नाव, आवृत्तीगणिक मोबदला, आणि दोन्ही गोष्टी कामाला हात लावण्यापूर्वी लेखी. दवाखान्याच्या भिंतीवर शरीराचा तक्ता टांगलेला दिसला, तर तुम्ही इतके जरूर करावे. त्याच्या कोपऱ्यात सही आहे का ते पाहावे, आणि नसेल तर का नाही, असे छापणाऱ्याला एक पोस्टकार्ड टाकून विचारावे.