केंब्रिज विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे परदेशी विद्यार्थी

इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाची स्थापना इ.स. १२०९ मध्ये झाली आणि तेथील कॅव्हेंडिश ही भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा १८७४ मध्ये सुरू झाली. बाहेरच्या पदवीधरांना मात्र संशोधक विद्यार्थी म्हणून रीतसर प्रवेश १८९५ पासून मिळू लागला. प्रयोगशाळेच्या पुढील लौकिकात या नियमबदलाचा वाटा मोठा आहे.

पूर्वस्थिती

त्यापूर्वी अन्य विद्यापीठाच्या पदवीधराला केंब्रिजची पदवी हवी असल्यास ‘ट्रायपॉस’ ही तेथील पदवी परीक्षा द्यावीच लागे. जगदीशचंद्र बोस कलकत्ता विद्यापीठाचे बी.ए. होते; तरीही क्राइस्ट्स कॉलेजात राहून त्यांनी १८८४ मध्ये निसर्गविज्ञानाची ट्रायपॉस दिली व ते पुन्हा बी.ए. झाले.

१८९५ चा नियम

नव्या नियमानुसार दोन वर्षे केंब्रिजमध्ये राहून प्रबंध सादर करणाऱ्या पदवीधरास पदवी मिळू लागली. ही पदवीदेखील बी.ए.चीच होती, पीएच.डी. तेथे पहिल्या महायुद्धानंतर आली. त्याच वर्षी न्यूझीलंडहून अर्नेस्ट रदरफोर्ड आले. १८५१ च्या लंडन प्रदर्शनाच्या शिल्लक निधीतून वसाहतींतील पदवीधरांना दिली जाणारी शिष्यवृत्ती त्यांना मिळाली, तीही आधी निवडलेल्या उमेदवाराने नाकारल्यामुळे. रेडिओ लहरी ओळखणारे स्वतःचे उपकरण ते सोबत घेऊन आले होते. लवकरच ते जे. जे. थॉमसन यांच्यासह क्ष-किरणांमुळे वायूंत होणाऱ्या आयनीभवनाच्या अभ्यासाकडे वळले. १९१९ मध्ये ते त्याच प्रयोगशाळेचे प्रमुख झाले.

रदरफोर्ड यांच्या काळात १९२१ मध्ये रशियाहून प्योत्र कापित्सा आले. परदेशी संशोधकाचे स्थान किती अस्थिर असते, हे त्यांच्या बाबतीत दिसले. १९३४ मध्ये मायदेशी गेले असता सोव्हिएत सरकारने त्यांना परतू दिले नाही. अखेर रदरफोर्ड यांच्या संमतीने त्यांची उपकरणेच सोव्हिएत संघाला विकण्यात आली.

भारतीय विद्यार्थी

होमी भाभा १९२७ मध्ये गॉनव्हिल अँड कीझ कॉलेजात दाखल झाले ते यंत्र अभियांत्रिकीसाठी. त्यांनी पुढे जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी घरच्यांची इच्छा होती. अभियांत्रिकीत प्रथम वर्ग मिळवल्यास गणित शिकू देऊ, ही वडिलांची अट त्यांनी १९३० मध्ये पूर्ण केली. त्याच वर्षी सुब्रह्मण्यन चंद्रशेखर सरकारी शिष्यवृत्तीवर ट्रिनिटी कॉलेजात आले. कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर बनारसची बी.एस्सी. पदवी घेऊन १९५७ मध्ये गेले, आणि बोस यांच्याप्रमाणेच त्यांनीही तेथे पुन्हा पदवी परीक्षा दिली, मात्र गणिताची. केंब्रिजमध्ये सैद्धांतिक भौतिकशास्त्र परंपरेने गणिताच्या शाखेत मोडते. त्यामुळे तेथे शिकलेला प्रत्येक भारतीय भौतिकशास्त्रज्ञ ‘कॅव्हेंडिशचा विद्यार्थी’ होता, असे समजणे बरोबर नाही.

सद्यस्थिती

पदवीसाठी केवळ भौतिकशास्त्र घेऊन प्रवेश मिळत नाही. निसर्गविज्ञानाच्या पहिल्या वर्षी तीन विज्ञान विषय व गणित शिकावे लागते. संपूर्ण भौतिकशास्त्र तिसऱ्या वर्षी येते. वर्षात आठ-आठ आठवड्यांची तीन सत्रे असतात. व्याख्यानांखेरीज एक ते तीन विद्यार्थ्यांना एक शिक्षक दर आठवड्याला सोडवलेली उदाहरणे तपासून समजावतो. पाठांतरावर भिस्त ठेवणाऱ्यास ही पद्धत जड जाते. पदवीचा अर्ज आदल्या ऑक्टोबरात करावा लागतो व एकाच वर्षी ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडे अर्ज करता येत नाही.

खरी अडचण पैशाची असते. परदेशी विद्यार्थ्यांचे शुल्क ब्रिटिश विद्यार्थ्यांच्या शुल्काच्या कित्येक पट असते आणि त्यांना कॉलेजचे शुल्क निराळे भरावे लागते. गेट्स केंब्रिज शिष्यवृत्ती (स्थापना २०००) ब्रिटनबाहेरच्या नागरिकांसाठीच आहे, पण ती पदव्युत्तर शिक्षणापुरती मर्यादित आहे.

प्रयोगशाळेची २०२५ मध्ये उद्घाटन झालेली नवी इमारत रे डॉल्बी यांच्या नावाने ओळखली जाते. ध्वनिमुद्रणातील खरखर कमी करणारी यंत्रणा शोधणारे डॉल्बी हे मूळचे अमेरिकन. ते केंब्रिजला शिष्यवृत्तीवर आले होते आणि १९६१ मध्ये तेथेच त्यांनी भौतिकशास्त्रात पीएच.डी. मिळवली. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या संपत्तीतून कॅव्हेंडिशला ८.५ कोटी पौंडांची देणगी देण्यात आली.