गळती मोजल्याशिवाय प्रमाणपत्र अपुरे

एका संगणकावर अनेकांची कामे चालत असतील, तर परवानगीवाचून कुणाला दुसऱ्याची फाइल उघडता येत नाही, एवढ्यावर आपण निर्धास्त होतो. पण फाइल न उघडताही माहिती बाहेर जाते. एक प्रोग्राम ठरवून प्रोसेसर गुंतवतो किंवा मोकळा सोडतो आणि शेजारचा प्रोग्राम आपल्या कामाला किती वेळ लागला ते पाहतो. उशीर झाला तर एक, नाही तर शून्य. बटलर लॅम्पसन यांनी १९७३ मध्येच हा छुपा मार्ग दाखवून दिला होता. अमेरिकी संरक्षण खात्याच्या १९८५ च्या ‘ऑरेंज बुक’ या संगणक-सुरक्षेच्या निकषांनी तर वरच्या श्रेणींसाठी अशा गळतीचा वेग मोजणे बंधनकारक केले. सेकंदाला शंभर बिटांहून जास्त वेग धोक्याचा आणि एका बिटाच्या आतला बहुतेक ठिकाणी चालण्याजोगा, असा तो दंडक होता. मात्र त्याच एका बिटाच्या वेगाने दहा लाख अक्षरांचा दस्तऐवज जायला तीन महिने लागतात, तर १२८ बिटांची गुप्त किल्ली अवघ्या दोन मिनिटांत जाते. म्हणून वेग आणि राखायची वस्तू यांचा विचार एकत्रच व्हायला हवा.

शत्रूचा प्रोग्राम आधी आत शिरल्याशिवाय हे घडणार कसे, असा आक्षेप घेतला जातो. भाड्याच्या क्लाउडवर मात्र परक्यांचे प्रोग्राम रीतसर आत असतात. २०१८ मध्ये उघड झालेल्या ‘स्पेक्टर’ आणि ‘मेल्टडाउन’ या प्रोसेसरमधल्या त्रुटींनी तर माहिती पाठवणाऱ्या साथीदार प्रोग्रामचीही गरज नसल्याचे दाखवले. सगळे मार्ग बुजवले तर यंत्र मंदावते, हा दुसरा आक्षेप खरा आहे. पण मागणी सगळे बुजवण्याची नाही, मोजून सांगण्याची आहे.

भारत २०१३ पासून ‘कॉमन क्रायटेरिया’ या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार संगणक-सुरक्षेची प्रमाणपत्रे देतो, केंद्राची ‘एसटीक्यूसी’ संस्था ते काम पाहते. या व्यवस्थेत सात पातळ्या असल्या, तरी देशादेशांतली परस्पर मान्यता साधारणपणे दुसरीपर्यंतच आहे आणि छुप्या मार्गांचा कसून शोध त्या पातळीवर होत नाही. छत्रपती संभाजीनगरात शेंद्रा-बिडकीनच्या ‘ऑरिक’ औद्योगिक नगरीतले उद्योग असोत वा महापालिका, सामायिक सर्व्हर घेताना त्यांनी निविदेतच प्रमाणपत्राची पातळी आणि गळतीचा मोजलेला वेग मागावा. तिथल्या विद्यापीठ परिसरातल्या ‘नाएलिट’ या केंद्राच्या संगणक-प्रशिक्षण संस्थेने ही मोजणी विद्यार्थ्यांना शिकवावी. खरेदीदार आकडा मागू लागले, तरच विक्रेते तो मोजतील.