जुहूचा गोळा आणि निळा बर्फ

जुहूच्या चौपाटीवर रविवारी सायंकाळी जी गर्दी लोटते, तीत परगावचे पाहुणे असतात, तशीच अंधेरी-घाटकोपरकडून मुलाबाळांसह आलेली कुटुंबेही असतात. भेळ आणि काला खट्ट्याचा गोळा घेतल्यावाचून ही सहल पुरी होत नाही. पुढे घरात कुणाला जुलाब झाले वा टायफॉइड निघाला, की सारा दोष ‘बाहेरच्या खाण्या’वर टाकला जातो. हा निवाडा सोपा आहे. पण न्याय्य नाही.

चौपाटीवरील सर्व पदार्थ एका मापाने मोजता येत नाहीत. कुरमुरे आणि शेव कोरडी असतात; ओलाव्यावाचून जंतूंची वाढ होत नाही. तव्यावर रटरटणारी भाजी आचेमुळे बरीचशी निर्धोक होते. धोका शिरतो तो पाण्यावाटे: पाणीपुरीचे पाणी, पातळ चटणी, बशा विसळण्याची बादली आणि बर्फ. त्यांतही बर्फाविषयीची समजूत फार भाबडी आहे. गोठल्याने जंतू मरतात, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः त्यांतील कित्येक केवळ निपचित पडतात आणि बर्फ वितळताच पुन्हा सक्रिय होतात. दूषित पाण्यातून कावीळ पसरविणारे विषाणूही गोठण्याला दाद देत नाहीत.

जुहूच्या उत्तरेस वेसाव्याचे मासळी बंदर आहे. मासळी वा अन्य नाशवंत माल गार ठेवण्याचा बर्फ आणि पोटात जाणारा बर्फ लादीच्या रूपात सारखेच दिसतात. या अडचणीवर २०१८ साली राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने एक उपाय योजला. अखाद्य बर्फात निळा रंग मिसळणे उत्पादकांना बंधनकारक केले. कल्पना उत्तम, निरक्षरालाही कळावी अशी. परंतु लादी किसली गेली आणि तिच्यावर जांभळा-लाल पाक ओतला गेला, की तो फिका निळा रंग दिसणार कसा? शिवाय शुद्ध पाण्याची पांढरी लादीही गोणपाटात गुंडाळून जमिनीवरून ओढत आणली, तर तिची शुद्धता वाटेतच संपते.

म्हणून गाड्या हटवा, अशी मागणी अधूनमधून होते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने या व्यवसायाला संरक्षण दिले आहे, तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याने लहानातल्या लहान विक्रेत्यावरही नोंदणीचे व स्वच्छतेचे बंधन घातले आहे. हे दोन्ही कायदे एकत्र वाचले पाहिजेत. विक्रेत्याकडून स्वच्छतेची अपेक्षा धरायची, तर पिण्याच्या पाण्याचा नळ त्याच्या हाताशी असला पाहिजे आणि खाद्य बर्फ त्याला परवडला पाहिजे. तपासणीही गाडीवर सुरू होता कामा नये. ती बर्फाच्या कारखान्याच्या दारातून सुरू झाली पाहिजे. एका गाड्यावरील धाडीने फार तर त्या दिवसाचा माल नष्ट होतो. कारखान्यातील एक चाचणी शेकडो गाड्यांचा प्रश्न सोडवू शकते.

ग्राहकाचेही कर्तव्य उरतेच. बर्फ कोठला, हे विचारण्यात संकोच कसला? मुलाच्या हातातील गोळ्याचा रंग कोणता, हे आईबापांना दिसते; पाकाखालच्या बर्फाचा रंग पाहण्याची जबाबदारी मात्र शासनाला टाळता येणार नाही.