तेराव्यानंतरची वर्षं

आई किंवा वडील गमावलेल्या मुलाबद्दल आपण बोलतो तेव्हा त्याच्या मनाबद्दल बोलतो, शिक्षणाबद्दल बोलतो, घर आता कसं चालेल याची काळजी करतो. त्याच्या रक्तदाबाचा किंवा हृदयाचा विषय कुणी काढत नाही. आठ-दहा वर्षांच्या पोराच्या हृदयाला काय होणार, असंच कुणालाही वाटेल. पण गेल्या काही दशकांत जमलेला पुरावा सांगतो की या दुःखाची नोंद शरीरातही होते आणि ती फार काळ टिकते. माझं म्हणणं याच्या थोडं पुढचं आहे. शरीराला जे भोगावं लागतं त्याचा मोठा वाटा मृत्यूच्या त्या दिवसापेक्षा नंतरच्या वर्षांचा असतो. मृत्यू आपण टाळू शकलो नाही, तरी ती वर्षं बऱ्याच अंशी आपल्या हातात असतात.

सर्वांत भक्कम पुरावा उत्तर युरोपातून आला आहे, आणि तो तिथूनच का आला हेही समजून घेण्यासारखं आहे. डेन्मार्कमध्ये १९६८ पासून प्रत्येक रहिवाशाला एक व्यक्तिगत क्रमांक दिला जातो. स्वीडन आणि फिनलंडमध्येही अशी पद्धत आहे. जन्म, मृत्यू, मृत्यूचं कारण, आईवडील कोण, हे सगळं त्या क्रमांकाला जोडलेलं असतं. त्यामुळे कुणाच्या आठवणीवर विसंबून न राहता लाखो मुलांचं आयुष्य नोंदींमधून तपासता येतं. अशा नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१४ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात या तीन देशांतल्या सुमारे ७३ लाख व्यक्ती होत्या. त्यांपैकी जवळपास १ लाख ८९ हजार जणांनी सहा महिने ते अठरा वर्षं या वयात आई किंवा वडील गमावले होते. त्यांच्यात पुढे मृत्यूचं प्रमाण इतरांच्या दीडपट आढळलं. पालक गेला तेव्हा मूल तान्हं होतं की मिसरूड फुटण्याच्या वयाचं, यानं चित्र फारसं बदललं नाही, आणि वाढलेला धोका तरुणपणापर्यंत टिकून राहिला. डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या नंतरच्या अभ्यासांनी कमी वयात होणारा हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोकाही अशा मुलांमध्ये अधिक असल्याचं दाखवलं.

हे वाचून ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांच्या पोटात गोळा येईल, म्हणून दुसरी बाजू लगेच सांगायला हवी. त्या ७३ लाखांपैकी अभ्यासाच्या काळात जे दगावले ते चाळीस हजारांहून थोडे कमी, म्हणजे हजारी पाच-सहा. मुळात धोकाच इतका लहान की त्याची दीडपटही लहानच राहते. पालक गमावलेली बहुसंख्य मुलं धडधाकट वाढतात, संसार करतात, म्हातारी होतात. दीडपट या आकड्याला महत्त्व आहे ते सार्वजनिक आरोग्याच्या हिशोबात, कारण अशी मुलं एकेका देशात लाखांनी असतात. एखाद्या मुलाचं भविष्य त्यावरून वर्तवता येत नाही, वर्तवूही नये.

आता पहिला आक्षेप. खाण तशी माती. वडील चाळिशीत हृदयविकारानं गेले असतील तर मुलाकडेही ती प्रकृती येणारच, मग दुःखाला कशाला दोष द्यायचा? आक्षेप रास्त आहे. पण सगळा खेळ अनुवंशिकतेचा असता तर अपघातासारख्या कारणांनी पालक गेलेल्या मुलांमध्ये धोका वाढायला नको होता. प्रत्यक्षात उलट दिसलं. पालक आजारानं गेला असेल तर मुलांमधली वाढ सुमारे ३३ टक्के होती. अपघात, आत्महत्या अशा अनैसर्गिक कारणांनी गेला असेल तर ती ८४ टक्क्यांपर्यंत गेली. आत्महत्येमागच्या मनोविकारांत अनुवंशिकतेचा काही भाग असतो, हे मान्य करूनही एवढा फरक रक्ताच्या नात्यानं पूर्ण उलगडत नाही. दुसरा आक्षेप गरिबीचा. कमावता माणूस गेला की खाणंपिणं आणि औषधपाणी आटतं, खरं कारण तेच, असं म्हणता येईल. पण हे आकडे ज्या देशांतले आहेत तिथे शाळा मोफत, उपचार जवळजवळ मोफत, आणि पालक गेलेल्या मुलाला सरकारी आर्थिक मदत मिळते. कुटुंबाची आर्थिक-सामाजिक स्थिती हिशोबात धरूनही फरक उरला. पैशाचा आधार हवाच, पण तेवढ्यानं भागत नाही.

मग शरीरात नेमकं घडतं काय? संकटाची चाहूल लागली की मेंदूतून निघालेला निरोप मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोचतो आणि त्या कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक सोडतात. रक्तात साखर वाढते, रक्तदाब चढतो, आणि ज्या कामांना थांबून चालेल ती मागे पडतात. रोज सकाळी जाग आल्यावर पहिल्या अर्ध्या तासात कॉर्टिसॉल वाढतं आणि दिवसभरात उतरत जातं. निरोगी माणसात हा चढउतार ठळक असतो. संकट टळलं की यंत्रणा शांत होते. पण घरातली अस्थिरता महिनोन्महिने संपतच नाही, तेव्हा ही यंत्रणा आधी सतत चढी राहते आणि पुढे तिचा प्रतिसादच मंदावू शकतो. दोन्ही अवस्था वाईट. कॉर्टिसॉल शरीरातला दाहही आवरतं. त्याचं गणित बिघडलं की मंद दाह मागे राहतो, आणि रक्तवाहिन्या कडक होण्यात अशा दाहाचा हात असतो. याच्या जोडीला झोप, खाणं, सिगारेट, दारू या मार्गांनीही दुःख शरीरात शिरतं. एकटं पडलेलं पोर सोळाव्या वर्षी सिगारेट ओढायला लागलं, तर तिशीत त्याच्या फुप्फुसांना ती कोणत्या दुःखात सुरू झाली याच्याशी काही देणंघेणं नसतं.

माझा मुख्य मुद्दा ज्या पुराव्यावर उभा आहे तो अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातला आहे. तिथल्या राज्य विद्यापीठात अर्विन सँडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालक गमावलेल्या १५६ कुटुंबांतली २४४ मुलं घेतली. वयं आठ ते सोळा. काही कुटुंबांना केवळ दुःखाविषयीची पुस्तकं दिली. बाकीच्यांसाठी बारा गटबैठका ठेवल्या, मुलांच्या वेगळ्या, मागे राहिलेल्या पालकांच्या वेगळ्या. कुणी कुठल्या गटात जायचं हे निवडीनं ठरलं नाही. वाटणी यादृच्छिक होती. पालकांना शिकवलेल्या गोष्टी ऐकायला अगदी साध्या आहेत: मुलाबरोबर रोज थोडा वेळ फक्त त्याच्यासाठी बसायचं, ते बोलत असताना मध्ये उपदेश घुसवायचा नाही, घराचे नियम दुःखाच्या नावाखाली सैल सोडायचे नाहीत, आणि स्वतःच्या खचलेपणावरही उपाय शोधायचा. सहा वर्षांनी या कुटुंबांना पुन्हा बोलावलं. ज्या विषयावरून घरात खटके उडतात त्यावर पालक आणि मूल यांना समोरासमोर बोलायला लावलं आणि मुलांच्या लाळेचे नमुने घेतले. पुस्तकं मिळालेल्या गटातल्या मुलांमध्ये कॉर्टिसॉल खाली बसलेलं होतं, तर बैठका झालेल्या गटात त्याची पातळी त्याहून चढी, म्हणजे यंत्रणा जागी असल्याची खूण देणारी होती. यावरून त्यांचा हृदयविकार टळला असं म्हणता येणार नाही. ती मुलं अजून त्या वयाचीच नव्हती. पण मृत्यू दोन्ही गटांनी पाहिला होता, फरक होता तो नंतरच्या सोबतीचा, आणि तो सहा वर्षांनी शरीरात मोजता आला.

बॉस्टन परिसरात सत्तर कुटुंबांतल्या १२५ मुलांवर झालेल्या हार्वर्डच्या अभ्यासाचं सांगणं याच्याशी जुळतं. मूल कसं सावरेल याचा सर्वांत चांगला अंदाज मागे राहिलेला पालक कसा सावरला आहे यावरून येतो. तिथे दोन वर्षांनंतरही पाचातलं एक मूल गंभीर अडचणीत होतं, आणि काहींच्या अडचणी पहिलं वर्ष सरल्यावरच वर आल्या. आपलं घर तेव्हा कुठे असतं? तेराव्यापर्यंत माणसांनी भरलेलं, वर्षश्राद्धाला पुन्हा एकदा भरतं, आणि मग ज्याचा तो आपल्या कामाला लागतो. आपल्याकडे काका-मामा, आजी-आजोबा आहेत, पश्चिमेसारखं एकटेपण नाही, असं कुणी म्हणेल. ते काही घरांत खरंही आहे, आणि आजीच्या कुशीचं मोल कमी लेखण्याचं कारण नाही. पण त्याच नात्यांतून जमिनीचे वाद निघतात, विधवा सून माहेरी पाठवली जाते, मुलाची शाळा आणि मित्र एका फटक्यात सुटतात. शिवाय आपण मुलाला सांगतो की बाबा गावाला गेलेत. स्वीडनमध्ये कर्करोगानं पालक गमावलेल्या सहाशेहून अधिक तरुणांना विचारलं, तेव्हा त्यांतल्या ९८ टक्के जणांचं मत होतं की पालकाचा मृत्यू जवळ आल्याचं किशोरवयीन मुलांना सांगायलाच हवं. वाईट बातमीपेक्षा आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय ही जाणीव मुलाला जास्त छळते, असं मला वाटतं.

मूल सावरणं मागे राहिलेल्या पालकावर अवलंबून असेल, तर आधार पालकालाही मिळायला हवा. कोविडच्या काळात राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानं जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दिलेल्या माहितीनुसार, एप्रिल २०२० पासून कोविडनं किंवा अन्य कारणानं १,३६,९१० मुलांचा एक पालक गेला होता, आणि १०,०९४ मुलांचे दोन्ही. केंद्राची पीएम केअर्स बालयोजना दुसऱ्या, लहान गटासाठी होती. एक पालक उरलेली मुलं तिच्या बाहेर राहिली, आणि मला हा निर्णय चुकीचा वाटतो. महाराष्ट्रात मात्र एकल पालकांच्या मुलांसाठीही बालसंगोपन योजना आहे, दरमहा २,२५० रुपयांची. ओळखीत असं घर असेल तर जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे अर्ज करायला त्या आईला, त्या बापाला सोबत करा. आणि वर्षश्राद्ध उरकल्यावरही त्या घरी जाणं सोडू नका.