ठिबक, कुट्टी आणि वहीतला हिशेब

खारघरमधल्या कित्येक इमारतींच्या टाक्या हेटवणे धरणाच्या पाण्याने भरतात. हे धरण पेण तालुक्यात आहे आणि ते पाटबंधारे प्रकल्प म्हणून उभे राहिले. नवी मुंबई वसवणारी सिडको तिथून रोज 150 दशलक्ष लिटर पाणी उचलते आणि हा आकडा 270 वर नेण्याचे काम तिने हाती घेतले आहे. पेणच्या बाजूच्या कालव्यांची कामे मात्र वर्षानुवर्षे रखडली. यामागे कारस्थान शोधायची गरज नाही. शहर पाण्याला जो दर मोजते, तो भाताच्या एका पिकावर वर्ष काढणाऱ्याला परवडत नाही. पाणी पैशाकडे वळते, मग धरणाच्या फायलीवर काहीही लिहिलेले असो.

रायगडात पाऊस 3,000 मिलिमीटरच्या घरात पडतो, तरी उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. म्हणून इथला जुना शेतकरी भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर वाल टाकायचा. ना पंप, ना वीजबिल. उत्पन्नही तसेच बेताचे. सिडको आल्यावर खारघर परिसरातली बरीचशी भातखाचरे भूखंड झाली. आता खारघरचे दूध आणि भाजी घाट उतरून कळंबोलीमार्गे येते. त्या प्रत्येक पिशवीत आणि पेंडीत घाटावरच्या कुणीतरी घेतलेल्या यंत्राचा हप्ता दडलेला असतो.

त्यातले सर्वांत गाजलेले यंत्र म्हणजे ठिबक. इस्रायलच्या वाळवंटात 1960च्या दशकात त्याचा धंदा उभा राहिला; महाराष्ट्रात जळगावच्या केळीने आणि नाशिक-सांगलीच्या द्राक्षांनी ते रुजवले. पाटाने दिलेल्या पाण्यापैकी निम्म्याहून कमी पाणी पिकाच्या कामी येते, ठिबकने 90 टक्क्यांच्या आसपास. 1.2 मीटर अंतरावर नळ्या अंथरायच्या तर हेक्टरी खर्च सरकारी हिशेबाने सव्वा लाखाच्या आसपास धरला जातो. केंद्राच्या योजनेत अनुदान अल्प व अत्यल्प भूधारकाला 55 टक्के, इतरांना 45. राज्याने 2021 मध्ये भर घालून ते 80 आणि 75 टक्क्यांवर नेले. म्हणजे लहान शेतकऱ्याच्या खिशातून जायचे फक्त पंचवीस हजार.

कागदावर तरी. प्रत्यक्षात आधी खरेदी, मग मोका तपासणी, मग खात्यात पैसे. मधल्या काळात उसनवारीचे व्याज चढते, ते कुठल्याही अनुदानात बसत नाही. शिवाय संच बसवला म्हणजे काम संपले असे नाही. विहिरीचे पाणी क्षारयुक्त असेल तर छिद्रे बुजतात, आम्ल सोडून ती मोकळी करावी लागतात. फिल्टर धुवायचा कंटाळा केला की शेवटच्या ओळीतली झाडे आधी माना टाकतात. उंदीर आणि खारी नळ्या कुरतडतात, ते वेगळेच. केळीवाला हे सगळे निमूट करतो, कारण त्याच नळीतून विद्राव्य खत देता येते, मजुरी वाचते आणि घड भरतो. त्याचा फायदा पाण्यात कमी, खत-मजुरीत जास्त असतो.

ऊसवाल्याचे गणित निराळे. राज्य मंत्रिमंडळाने 2017 मध्ये उसाला ठरावीक मुदतीत ठिबक सक्तीचे करायचे ठरवले. मुदत उलटून गेली, पाटाने भिजणारा ऊस अजून उभा आहे. कालव्याची पाणीपट्टी एकरावर आकारली की लिटर वाचवून पदरात काय पडणार? त्यात 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांची वीज मोफत झाली आणि पाणी उपसण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला. मागेल त्याला सौर कृषिपंप योजनेत शेतकऱ्याचा वाटा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 5. रात्री साप-विंचवात मोटार लावायला जाण्याचा जाच त्याने संपतो, ही मोठीच गोष्ट. मात्र ऊन आहे तोवर पंप फुकट चालतो आणि भूजलाला लगाम राहत नाही.

आता गोठ्याकडे वळू. अमेरिकेत हजारो जनावरे एका जागी ठेवून पोसणारी फीडयार्ड असतात. आपल्याकडे त्यांच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे दुष्काळातली चारा छावणी. 2019 मध्ये सरकार छावणीचालकाला मोठ्या जनावरामागे रोज 90 रुपये देत होते, पुढे 100 झाले. दावणीला नसलेली जनावरेही वहीत चारा खात असल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा कानातला बारकोड मोबाईलने टिपून हजेरी घ्यायचे ठरले. व्यवस्थापनाच्या यंत्रणेने पैसे वाचवले ते असे: चारा न देता, नुसते मोजून.

घरच्या गोठ्यातही मोजण्यालाच किंमत आहे. दुधाच्या उत्पादनखर्चात 60 ते 70 टक्के वाटा चारा-खुराकाचा. कडबा तसाच टाकला की गाय पाला खाते आणि बुडखे तुडवते. कुट्टी केली की वाया जाणे थांबते. म्हणून कुट्टी यंत्र दोन गायींनाही परवडते. दूध काढणी यंत्राचे तसे नाही. समजा, त्याचा घसारा, व्याज, दुरुस्ती मिळून वर्षाला दहा हजार लागतात. दोन गायींनी मिळून 4,800 लिटर दूध दिले तर लिटरमागे दोन रुपये गेले. दहा गायींच्या 24,000 लिटरवर तोच खर्च चाळीस पैसे. गायीच्या दुधाचा भाव इतका पडला की 2024 मध्ये सरकारला लिटरमागे 5 रुपये अनुदान द्यावे लागले; अशा धंद्यात दोन रुपये म्हणजे अख्खा नफा.

मुरघासाने यातून एक वाट काढली आहे. चिकात आलेला मका कापून, कुट्टी करून, हवाबंद दाबायचा. त्याचे मोठे यंत्र पश्चिम महाराष्ट्रात बहुतेक जण विकत घेत नाहीत. ठेकेदार येतो, काम करतो आणि पैसे घेऊन पुढच्या गावी जातो. लहान शेतकऱ्याने कुट्टी यंत्र घ्यावे, मुरघास भाड्याने करून घ्यावा आणि गायी दहाच्या पुढे जाईपर्यंत दूध हातानेच काढावे. आणि अनुदानाचा अर्ज भरण्याआधी एवढे लिहून काढावे, की हे यंत्र वर्षात किती तास चालणार आहे.